त्या शाळेत पुन्हा कधी जाणार?

डेट्रॉईट, मिशिगन

चि. मनू,


तुमच्या रोबो टीमच्या पोर्टफोलिओचा तू पाठवलेला मसुदा सावकाश वाचला. रोबोची पानं मनापासून आवडली. आधी काढलेली आकृती, ती का सोडून द्यावी लागली, मग सुचलेली दुसरी, हे सगळं तुम्ही न लपवता मांडलं आहे. पंधरा पानांच्या मर्यादेत इतकं बसवणं सोपं नसतं. पण पत्र लिहायला बसले ते आउटरीचच्या, म्हणजे बाहेरच्या शाळांत जाऊन शिकवण्याच्या, पानामुळे. तिथे वर ठळक अक्षरांत विद्यार्थ्यांचा एकूण आकडा आहे, त्याखाली शाळांची यादी, आणि मग फोटो: समोर तुम्ही टी-शर्ट घालून उभे, खाली सतरंजीवर मुलं बसलेली. यांतल्या एकाही शाळेत तुम्ही दुसऱ्यांदा गेलात का, ते मात्र त्या पानावरून कळत नाही.

मी इथे अशा रोबो स्पर्धांना जज म्हणून बसते तेव्हाही हाच प्रश्न विचारते. जज म्हणजे कुणी मोठी माणसं नसतात. मोटारींच्या कंपन्यांत, कॉलेजांत नोकऱ्या करणारे आम्ही स्वयंसेवक. टीम खोलीत येते, पाच मिनिटं बोलते, मग आमचे प्रश्न सुरू होतात. पाठ केलेलं भाषण सगळ्यांचंच चांगलं असतं. फरक कळतो तो पुढच्या प्रश्नाला. तुम्ही शिकवलेल्या मुलांपैकी कुणी नंतर स्वतःहून काय केलं, असं विचारलं की काही टीम एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा आकड्यावर येतात. काही टीममधली मुलं मात्र एकदम बोलायला लागतात. अमकीची गाडी सारखी डावीकडेच वळत होती, तिनेच शोधून काढलं की एक चाक घासतंय. तमक्याने घरच्या जुन्या मिक्सरची मोटर आणली, ती चालणार नाही हे त्याला कसं समजावलं. त्यांना त्या मुलांची नावं ठाऊक असतात. अशा टीमला मग आकडा विचारायची गरजच उरत नाही.

तुमचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तेवढी मुलं त्या दिवशी तिथे होती, हे खरं. पण अर्ध्या तासात त्यांनी काय पाहिलं? शहरातून काही ताई-दादा आले, त्यांच्याकडे एक भारी यंत्र होतं, ते इकडून तिकडे पळालं, मग ते ताई-दादा यंत्र घेऊन गाडीत बसून गेले. त्या मुलांच्या मनात यंत्र हे दुसऱ्या कुणाचं तरी, पाहुण्यासारखं येऊन जाणारं, असंच राहिलं. काही मुलांच्या डोळ्यांत त्याने चमक आली असेल, नाही कशाला म्हणू. पण त्या चमकीचं पुढे काय करायचं हे त्यांना सांगायला दुसऱ्या दिवशी कुणीच नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे की यादीतल्या दोन शाळा निवडा आणि बाकीच्या सोडा. हो, आकडा खाली येईल. येऊ दे.

निवडताना शाळा जवळची बघा, तुमच्यापैकी कुणालाही मोठ्यांच्या गाडीशिवाय पीएमपीच्या बसने जाता येईल अशी. लांबची शाळा फोटोत छान दिसते आणि दुसऱ्या महिन्यात सुटते. त्यातली एक तरी शाळा अशी घ्या जिथे अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाने २०१६ साली ही योजना आणली, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान दिलं, आणि आता देशभरात अशा दहा हजारांवर लॅब आहेत. काही ठिकाणी फार सुंदर काम चाललं आहे. पण जिथे शिकवणारे सर बदलून गेले, तिथे सामान कपाटात आहे आणि किल्ली कार्यालयात. तुम्ही बाहेरून नवं किट नेऊन दाखवण्यापेक्षा त्या कपाटातलं सामान टेबलावर आलं तर जास्त मोठं काम होईल. सेन्सर कुठला, मोटर ड्रायव्हर कुठला, काय चालतं, काय जळलं आहे, याची यादी त्या शाळेतल्या मुलांबरोबर बसून करा. पहिला दिवस त्यातच जाईल. तो फुकट गेला असं समजू नका. यादी करताना वस्तू हातात येते, आणि हातात आलेल्या वस्तूची भीती जाते.

पहिल्या भेटीत तुमचा रोबो नेऊच नका. हे ऐकून तुझे सहकारी नाराज होतील, पण माझा आग्रह आहे. तो समोर असला की मुलं त्याच्याकडे बघत बसतात आणि तुम्ही त्याच्याविषयी बोलत राहता. एक सेल, एक छोटी मोटर आणि वायरचे दोन तुकडे घेऊन बसा. वायरी उलट्या जोडल्या की मोटर उलटी फिरते, हे मुलांना सांगू नका, त्यांना सापडू दे. स्क्रूड्रायव्हर तुमच्या हातात दिसला नाही पाहिजे. मूल चुकीचा स्क्रू फिरवत असलं तरी हात मागे बांधून उभं राहायचं. मोठ्यांनाही हे फार जड जातं, तुम्हालाही जाईल.

तिथल्या एखाद्या बाई किंवा सरांना आधी शिकवा. मुलांच्या आधी. तुमची दहावी-बारावी आली की तुम्ही जाणार, आणि ते योग्यच आहे. शिक्षक तिथेच राहणार आहेत. त्यांना ‘आम्ही तुम्हाला शिकवायला आलो’ असं म्हणू नका. ‘सर, आमच्याबरोबर हे जोडून बघाल का’ असं विचारा. त्यांना मुलांसमोर अडखळायला लागू नये म्हणून शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर वेगळं बसा. आणि तुमची माहितीपत्रकं मराठीत करा. आत्ताची इंग्रजीत आहेत, चकचकीत आहेत, आणि सातवीतल्या ज्या मुलीला ती द्यायची तिला ती वाचता येणार नाहीत. सेन्सर, मोटर, बॅटरी हे शब्द तसेच राहू देत, त्यांनी काही अडत नाही. वाक्यं मात्र तिच्या बोलण्यातली हवीत.

तुमच्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस अवर्षणाच्या टापूतल्या गावात राहायला गेला आणि मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती यांतून विज्ञान शिकवू लागला. मुलं गावाची खरी कामं करत आणि त्यातून शिकत. पुढे २००२ च्या सुमारास बोस्टनजवळच्या एमआयटीतल्या लोकांनी फॅब लॅबची कल्पना जगात पसरवायला घेतली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली. तुम्ही सगळे एकदा तिथे जाऊन या. शिकवायला नको, बघायला जा. जो गावात मुक्काम करतो त्याचं काम कसं दिसतं, ते तुम्हाला कुठल्याही जजपेक्षा तिथे चांगलं कळेल.

आता तुला वाटेल, मावशीला स्पर्धेचं काही पडलेलं नाही. पडलेलं आहे, गं. मी इथे ज्या हायस्कूलच्या टीमला मदत करते तिच्या मॅचला माझाही घसा बसतो. मिशिगनमध्ये तुमची स्पर्धा घेणाऱ्या ‘फर्स्ट’ संस्थेच्या मोठ्या रोबोंच्या टीम अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहेत. २०१८ आणि २०१९ मध्ये जागतिक अंतिम स्पर्धांपैकी एक आमच्या डेट्रॉईटला झाली, तेव्हा अंतिम सामने फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, फोर्ड फील्डवर झाले. फुटबॉलसाठी बांधलेल्या त्या गॅलऱ्यांत बसून लोक शाळकरी पोरांच्या यंत्रांसाठी ओरडत होते. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली ती हेच डोळ्यांपुढे ठेवून. मुलांना खेळाडू आणि सिनेमातले लोक तेवढे मोठे वाटतात, यंत्र घडवणारी माणसं दिसतच नाहीत, ही त्याची तळमळ होती. १९९२ साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली. टीम होत्या अठ्ठावीस, आणि मैदानावर मक्याचे दाणे पसरले होते.

केमनबरोबर होते एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. त्यांनी १९७० च्या दशकात यंत्ररचनेचा एक वर्ग नावारूपाला आणला होता. विद्यार्थ्यांना किरकोळ वस्तूंनी भरलेली पिशवी द्यायची, त्यातून यंत्र बनवायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर सामना. गंमत अशी की त्या वर्गात प्रतिस्पर्धी विद्यार्थीही एकमेकांना मदत करत. फ्लॉवर्स सरांनी तीच रीत फर्स्टमध्ये आणली आणि तिला ‘ग्रेशियस प्रोफेशनॅलिझम’ म्हटलं. जीव तोडून खेळा, आणि समोरच्याला कमी लेखू नका. २०१९ मध्ये ते गेले. तुमच्या नियमपुस्तकात आज जे जे आहे त्यात ठिकठिकाणी त्यांचा हात आहे. दोन टीमची एक अलायन्स, आणि पात्रता फेरीत ती दर मॅचला बदलते. म्हणजे सकाळी ज्यांना हरवलं त्यांच्याच शेजारी दुपारी उभं राहायचं. बरीच वर्षं तुमच्या स्पर्धेत, एफटीसीत, असाही नियम होता की जिंकलेल्या मॅचची संख्या सारखी असली, तर क्रम लावताना हरलेल्या बाजूला किती गुण मिळाले होते ते बघायचं. दुबळ्या टीमला चिरडून काही हाती लागत नसे. उलट तिला चांगलं खेळता आलं तर तुमचाच फायदा. हा नियम मला अजूनही फार शहाणपणाचा वाटतो.

स्पर्धेच्या दिवशी याचा अर्थ काय, ते सांगते. पिटमध्ये कुणाचा सर्व्हो जळाला आणि तुमच्याकडे जादा आहे, तर तो द्यायचा. बाद फेरीत समोर तीच टीम असली तरी द्यायचा. सुटा देऊन थांबायचं नाही, बसवायलाही मदत करायची. पहिल्यांदा आलेली टीम बारा बाय बारा फुटांच्या त्या मैदानाच्या कडेला बावरून उभी असते, तपासणीत रोबो अठरा इंचांच्या चौकटीत मावत नाही म्हणून रडकुंडीला आलेली असते. तुमच्यातला एक जण फक्त अशा टीमसाठी मोकळा ठेव. त्याला दुसरं काम देऊ नकोस.

रोबोबद्दल थोडंच सांगते, कारण तुमच्या सरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुमच्या उचलणाऱ्या हाताला एक सांधा जास्त आहे असं मला वाटतं. तो काढता आला तर काढा. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी रोबोत बदल करणं बंद करा, आणि राहिलेला वेळ ड्रायव्हरना चालवू द्या. अडीच मिनिटांच्या मॅचमध्ये पहिली तीस सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, पुढची दोन मिनिटं माणसाच्या बोटांवर. आणि सामने हरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण काय असतं, सांगू? सैल झालेली केबल. मॅचच्या मध्येच कनेक्टर निसटतो, रोबो मैदानात उभाच राहतो, आणि मुलं महिनाभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. प्रत्येक वायर बांधून घ्या, प्रत्येक बॅटरीवर नंबर टाका, आणि कुठली कधी चार्ज केली ते वहीत लिहा.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट. तुझ्या पत्रात टीमच्या कामांची वाटणी आहे. प्रोग्रामिंग: तीन मुलगे. बांधणी: चार मुलगे. ड्रायव्हर: दोन मुलगे. पोर्टफोलिओ, आउटरीच, सजावट, समाजमाध्यमं: मुली. कॅप्टन तू. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही हे मला माहीत आहे. मुलींचं अक्षर चांगलं, मुली नीट बोलतात, असं म्हणत म्हणत हे होतं. इथल्या शाळांतही होतं. मी मोटारीच्या कारखान्यात आले तेव्हाही बैठकीची टिपणं कुणी लिहायची हे न ठरवता ठरलेलं असायचं. पण मनू, ज्या टीममध्ये मुली यंत्राला हात लावत नाहीत, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुलींना काय दाखवणार? तिथल्या मुली तुमचं भाषण ऐकणार नाहीत, रिमोट कुणाच्या हातात आहे ते बघतील. वाटणी मोड. दर महिन्याला प्रत्येकाने दुसरं काम करायचं, असा नियम कर. पहिला महिना गोंधळाचा जाईल, प्रोग्रामवाला मुलगा निबंध लिहिताना कुरकुर करेल. त्यालाही लिहिता यायला हवं. आणि तू स्वतः ड्रिल हातात घे. बिट मोडलं तर मोडलं.

पैशांचंही बोलायला हवं. किट, नोंदणी, प्रवास धरून एका मोसमाचा खर्च लाखांत जातो, आणि तो पालक उचलतात. त्यामुळे ज्यांचे पालक उचलू शकतात तीच मुलं टीममध्ये येतात. पंधरा जणांपर्यंत टीम होऊ शकते, तुम्ही अकरा आहात. उरलेल्या चार जागा वर्गणी न घेता भरायच्या असं तुझ्या सरांकडे आणि पालकांकडे बोलून बघ. मोठ्यांना हा विषय काढायला संकोच वाटतो. कॅप्टनने काढला तर ऐकतील.

स्पर्धेनंतर काय उरतं, याचं एक उदाहरण सांगते. २०१७ साली वॉशिंग्टनला फर्स्ट ग्लोबलची पहिली स्पर्धा झाली, दीडशेहून अधिक देशांची मुलं आली. त्यात अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींची टीम होती. त्यांना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता, अगदी शेवटी परवानगी मिळाली. त्यांना धैर्याबद्दल रौप्यपदक मिळालं आणि जगभर फोटो छापून आले. मला मात्र त्यानंतरचं जास्त मोलाचं वाटतं. २०२० मध्ये करोना आला, देशात व्हेंटिलेटर अगदी मोजके, तेव्हा त्याच टीममधल्या मुलींनी जुन्या टोयोटा कोरोलाचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटरचा नमुना तयार केला. पुढच्याच वर्षी तालिबान आले आणि त्यांतल्या कित्येकींना देश सोडून कतारला, मेक्सिकोला जावं लागलं. त्यांच्याबद्दल वाचशील तेव्हा पदकापाशी थांबू नकोस. शाळेत शिकलेलं यंत्रकाम गावावर वेळ आल्यावर बाहेर काढता येणं, याला मी यश म्हणते.

मदत कुणाची घ्यायची, असं तू विचारलं होतंस. अमेरिकेतल्या टीमशी व्हिडिओवर बोला, जरूर बोला, पण पुण्यात बसून पुण्यातलं विसरू नका. आशिया-पॅसिफिक देशांची एबीयू रोबोकॉन २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली. २००८ चा खेळ गोविंदाच्या दहीहंडीवर बेतला होता. २०२२ मध्ये ती दिल्लीला झाली तेव्हा खेळ होता लगोरी: यंत्राने चेंडू मारून चकत्या पाडायच्या आणि दुसऱ्या यंत्राने त्या पुन्हा रचायच्या. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं यासाठी रात्र रात्र जागतात. त्यांच्याकडे जा, त्यांच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसून बघा. चांगली माणसं आहेत, आणि विचारलं की सांगतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतही एकदा सगळ्यांनी मिळून फिरा. कुठला सुटा भाग कशाला लागतो, हे तिथले दुकानदार मन लावून समजावतात.

भोसरीच्या ज्या वर्कशॉपने तुम्हाला शाफ्ट आणि प्लेटा बनवून दिल्या, त्यांचा लोगो टी-शर्टवर आहे, ते ठीक. पण मालकांना नुसता आभाराचा ईमेल पाठवू नका. रोबो घेऊन जेवणाच्या सुट्टीत शॉपफ्लोअरवर जा, आणि ज्या टर्नरने तो शाफ्ट घडवला त्यांच्या हातात रिमोट द्या. शाफ्ट किती मायक्रॉनमध्ये हवा होता, तुमच्या ड्रॉइंगमध्ये काय कमी होतं, हे त्यांनाच विचारा. ते सांगतील तसं पुढचं ड्रॉइंग करा. त्यांच्या घरी सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्याला शनिवारी तुमच्या लॅबमध्ये बोलवा. त्या चार जागा कुणाला द्यायच्या, याचा विचार तिथून सुरू करता येईल.

पुढच्या रविवारी तुमच्या रात्री मी फोन करते, तेव्हा सरांनी आणि पालकांनी काय म्हटलं ते सांग. आईला आणि आजीला नमस्कार.

तुझी,
मावशी